गाडीला अर्थ न्हाई

घाटनांदुरात मन्मथप्पांच्या पिकअपचा वायपर हलायला लागला की मागचे मोटारसायकलवाले आपापल्या गाड्या डावीकडे दाबून घेत. अप्पांना उजवीकडे वळायचं आहे, एवढंच ते समजत. पावसाशी त्या वायपरचा काही संबंध नव्हता. ब्रेक दाबला की पुढचा डावा दिवा लागायचा. मोठा दिवा लावला की हॉर्न बारीक आवाजात कण्हायचा, आणि खरोखर हॉर्न वाजवायची वेळ आली तर अप्पा खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायचे. गावाला हे सगळं पाठ होतं. परगावच्या माणसाला नव्हतं. पण परगावच्या माणसानं दुसऱ्याच्या गावात बेतानं गाडी चालवावी, असं अप्पांचं मत होतं, आणि त्यात चूक काही नव्हती.

अप्पांचं दुकान दोरखंडाचं. नाडे, कासरे, सोल, मोरक्या, पोळ्याचे रंगीत गोंडे. आता शिवारात बैल किती राहिले हे कोणी मोजायला जात नाही, त्यामुळे दुकान मुलाच्या, म्हणजे संगमेशच्या हाती गेल्यापासून तिथं ताडपत्र्या, प्लास्टिकची दोरी आणि मोबाइलची कव्हरं दिसायला लागली. माल ट्रान्सपोर्टनं दारात येऊन पडतो. अप्पांकडे उरलं होतं ते एकच काम. बाजाराच्या दिवशी पिकअपमध्ये दोरखंड भरून धर्मापुरीला जायचं आणि त्यातला निम्म्याहून जास्त परत आणायचा. वय अडुसष्ट. पण स्टेअरिंगवर बसलेल्या माणसाला कोणी वय विचारत नाही. गादीवर लोडाला टेकून बसलेल्याला मात्र पहिल्यांदा तेच विचारतात, आणि मग गुडघ्यांची चौकशी करतात. अप्पांना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून पिकअप हा त्यांच्या लेखी धंद्याचा प्रश्न नव्हता.

त्यांची आणखी एक प्रतिष्ठा होती, ती इथंच सांगितलेली बरी. मठात श्रावणात पोथी लागते. एक जण ओवी वाचतो आणि दुसरा तिचा अर्थ सांगतो. तो दुसरा माणूस गेली तीस वर्षं मन्मथप्पाच. वाचणारे बदलले, काही तर वरही गेले, पण अर्थ अप्पांचाच. वाचणारा थांबून "अप्पा, अर्थ" असं म्हणाला की अप्पा आधी डोळे मिटत, मग उपरणं सारखं करत आणि मग बोलत. पुढं पुढं लोक त्यांच्याकडे कोर्टाच्या नोटिसा, विम्याची पत्रं आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्याही अर्थासाठी आणू लागले. गावात 'अर्थ' हा शब्द जवळजवळ त्यांच्या नावावर होता. सातबाऱ्यावर चढवायचा तेवढा राहिला होता.

तर यंदा चैत्रात पिकअपचं फिटनेस संपलं. जुन्या गाड्यांना आता आरटीओत नेऊन तपासून घ्यावं लागतं. दिवे, हॉर्न, ब्रेक, वायपर, सगळं जागच्या जागी चालतं की नाही ते साहेब बघतात. जेवताना संगमेश म्हणाला, "अप्पा, आता सोडा ती गाडी. भंगारवाल्याला सांगून ठिवलंय मी."

"कावून? चालती की गाडी."

"चालती, पर कशी चालती! परवा त्या एसटीवाल्यानं तुमाला किती शिव्या दिल्या, मला काय कळलं न्हाई का? एखाद्या दिवशी काय झालं तर..." तो थांबला. पोरगा वाईट नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि या घरातल्या पुरुषांना भीती वाटली की ते हिशेबी बोलतात. "आसं करू," तो म्हणाला, "गाडी पास झाली तर मी पुन्यांदा तोंड उघडनार न्हाई. नापास झाली तर दुसऱ्या दिवशी भंगारात."

"ठरलं," अप्पा म्हणाले आणि ताटावरून उठले. पत्नी शांतादेवी भाकरी हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या. माणूस रागानं उठला तरी अर्धी भाकरी ताटात टाकून उठतो का, एवढंच त्या पुटपुटल्या.

तारीख घ्यायलाच आठ दिवस गेले. संगणकावर अर्ज भरायचा होता. गाडीच्या कागदावर नाव होतं 'मन्मथ आप्पा', आधार कार्डावर 'मन्मथप्पा', आणि संगणकाला हे दोघं वेगवेगळे इसम वाटत होते. अप्पांनी अंबाजोगाईला जाऊन वकिलासमोर प्रतिज्ञापत्र केलं की मन्मथ आप्पा आणि मन्मथप्पा ही एकाच व्यक्तीची नावे असून ती व्यक्ती मीच आहे. खाली सही करताना त्यांना क्षणभर कोणत्या नावानं करावी ते सुचेना. वकील म्हणाले, दोन्ही करा. शेवटी अठ्ठावीस तारीख मिळाली. हातात तीन आठवडे होते. अंबाजोगाईच्या रस्त्यावर गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या शहादेवची पत्र्याची टपरी होती. अप्पांनी पिकअप तिथं नेली.

शहादेव हा कामाला वाघ आणि बोलायला कंजूष माणूस. त्यानं बॉनेट उघडलं, एका वायरीला छोटा बल्ब जोडून तो इथं लाव, तिथं लाव, असं केलं. बल्ब कधी लागला, कधी मिणमिणला. तेवढ्यात एक ट्रॅक्टरवाला त्याला हाका मारत आला. शहादेव हात पुसत उठला आणि म्हणाला, "अप्पा, ह्या गाडीला अर्थच न्हाई."

"काय म्हनलास?"

"अर्थ न्हाई, म्हनलं. लई जुनी झाली. सडून गेला आसंल. ठिवून जा, दुपारच्याला बघतो." आणि तो ट्रॅक्टरकडे वळला.

अप्पा तिथंच उभे राहिले. एखाद्यानं गाडीला खटारा म्हणावं, डबडं म्हणावं. ते माणूस हसून सोडून देतो. पण हा पोरगा शिवी देत नव्हता. रोगी तपासून डॉक्टर जसा नातेवाइकांना बाजूला घेऊन सांगतो, तसा तो शांतपणे सांगत होता. आणि अर्थाच्या बाबतीत सांगत होता. कोणाला, तर मन्मथप्पांना.

"शहादेव," अप्पा म्हणाले. "कशाला अर्थ हाय आन् कशाला न्हाई, हे आता तू ठरवनार का बे?"

ट्रॅक्टरखाली गेलेल्या शहादेवला नीट ऐकू आलं नाही. "आं? ठरवायचं काय त्यात," तो खालूनच ओरडला, "बल्ब लावला की दिसतंय की!"

अप्पांनी बॉनेट आपटलं, गाडी काढली आणि वायपर हलवत घराकडे वळले.

"शहादेव म्हनला, अर्थ न्हाई," त्यांनी घरी येऊन शांतादेवींना सांगितलं.

"कशाला?"

"गाडीला."

"मंग तुमाला कावून एवढं लागलं?"

अप्पांनी तीस वर्षं अवघड अवघड ओव्यांचा अर्थ सांगितला होता, पण या साध्या प्रश्नावर त्यांनी चपला पायात घातल्या. ते अंगणात जाऊन बसले आणि तिथंच त्यांनी ठरवलं की गाडी आपण स्वतः दुरुस्त करायची. मध्यमवर्गीय माणसाची निम्मी संकटं अशा बसलेल्या जागेवरच सुरू होतात.

गावात दुरुस्ती गुप्त राहत नाही. शेजारचे सुंदरराव दुसऱ्या दिवशी सकाळीच हजर झाले. सुंदरराव निवृत्त लाईनमन. खांबावर चढण्यात हयात गेलेली, त्यामुळे ते आता जमिनीवरच्या सगळ्या गोष्टींकडे वरूनच बघत. "फ्यूज," ते गाडीकडे न बघता म्हणाले. "दुसरं काय नसतंय. माणूस आसो, ट्रान्सफॉर्मर आसो, आधी फ्यूज बघायचा."

समोरच्या छबुबाई म्हणाल्या, "उंदरानं वायरी खाल्ल्यात." आणि कोणी न विचारता त्यांनी आपलं मांजर आणून पिकअपमध्ये सोडलं. दुपारी दार उघडलं तेव्हा मांजर एखाद्या भुतानं पकडल्यासारखं बाहेर पळालं. सीटचा निम्मा काथ्या त्यानं उपसून ठेवला होता. उंदीर नव्हताच. छबुबाईंचं म्हणणं असं पडलं की मांजर बघून तो पळाला, म्हणजे इलाज लागू पडला.

स्टेअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, फ्यूजचा डबा होता. त्याचं झाकण गेल्या वीस वर्षांत अप्पांनी कधी उघडलं नव्हतं. आत एक विभूतीची पुडी निघाली, शांतादेवींनी गाडी नवी असताना ठेवलेली. तिच्याभोवती रंगीबेरंगी फ्यूज ओळीनं बसले होते. झाकणाच्या आतल्या बाजूला कोणता फ्यूज कशाचा ते लिहिलेलं होतं, पण ती अक्षरं केव्हाच उडून गेली होती. सुंदररावांनी एका कागदावर टिपण करून दिलं: लाल दहाचा, निळा पंधराचा, पिवळा विसाचा, हिरवा तिसाचा. "आकडा वाढला की ताकद वाढली," ते म्हणाले. "पर जिथं निळा हाय तिथं निळाच घालायचा. मोठा घातला तर फ्यूज टिकतो आन् वायर जळती. लक्षात ठिवा." हा सुंदररावांनी आयुष्यात दिलेला एकमेव बिनचूक सल्ला असावा.

दिव्यांचा निळा फ्यूज उडालेला निघाला. अप्पांनी चिमट्यानं तो काढला, नव्या फ्यूजच्या पाकिटातून दुसरा घेतला आणि बसवायला वाकले. सून रुद्राणी चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "मामा, ह्यो हिरवा हाय. कागदावर निळा लिवलाय न्हवं?"

"निळाच हाय ह्यो."

"न्हाई मामा, हिरवा..."

"रुद्राणी," अप्पा म्हणाले, "पन्नास वर्सं झाली, पोळ्याचे गोंडे मी माझ्या हातानं रंगवून इकलेत. मला निळा आन् हिरवा शिकवू नगस."

रुद्राणीनं चहाचा कप पुढं केला. सासऱ्याशी रंगावरून वाद घालायला ती काल लग्न होऊन आलेली नव्हती. फ्यूज बसला, खट्ट झालं, दिवे लागले. आणि काय नवल, पुढचे चार दिवस तो उडाला नाही. अप्पा सुंदररावांच्या ओट्यावर बसून सांगू लागले की यंत्र म्हणजे काही नाही, त्याला समजून घ्यावं लागतं.

पाचव्या दिवशी गावच्या सोसायटीच्या दिवंगत माजी चेअरमनची शोकसभा होती. चौकात मांडव घातलेला. सभेची सूत्रं अर्जुनरावांकडे. तालुक्याच्या राजकारणातलं वजनदार माणूस, एवढं वजनदार की त्यांना 'थोडक्यात' हा शब्द कधी पेलला नाही. शेवटी चार शब्द बोलायला त्यांनी मन्मथप्पांना बोलावलं होतं, कारण मृत्यूचा अर्थ सांगायचा तर दुसरं कोण? अप्पा पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि नवं उपरणं घालून पिकअपनं आले. मांडवाच्या कडेला गाडी लावून किल्ली काढली. आत अर्जुनराव म्हणत होते, "आता आपण सर्वांनी दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून..."

सगळे उभे राहिले. चौक शांत झाला. अप्पांनी हळूच गाडीचं दार लावलं, आणि हॉर्न वाजायला लागला.

इतकी वर्षं नुसता कण्हणारा तो हॉर्न, आज त्याला कंठ फुटला. अप्पांनी स्टेअरिंगवर थापट मारली, किल्ली घालून फिरवली, परत काढली, दार उघडलं, लावलं. हॉर्न वाजतच राहिला. फ्यूजच्या डब्यातून धुराची एक बारीक रेघ निघत होती. मांडवात माना खाली घालून उभ्या असलेल्या माणसांपैकी एकानंही मान वर केली नाही, कारण दोन मिनिटं संपलेली नव्हती. चेअरमनच्या पत्नी सारजाबाई पुढं उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. त्यांचे खांदे हलत होते ते रडण्यानं की आणखी कशानं, हे कोणी ठरवू शकलं नाही. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अप्पांना खरोखर वाटलं.

तेवढ्यात शहादेव मांडवातून पाना घेऊन धावत आला. तो पाना खिशात ठेवूनच सगळीकडे जातो, शोकसभेलाही. त्यानं बॉनेट उघडलं, बॅटरीची वायर सोडवली आणि हॉर्न थांबला. दोन मिनिटंही नेमकी तेव्हाच संपली. त्या संपूर्ण शांततेत शहादेव घाम पुसत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असा म्हणाला, "अप्पा, तवाच म्हनलं होतं. गाडीला अर्थ न्हाई!"

अप्पांचा तोल गेला. "अर्थ न्हाई, अर्थ न्हाई! चार टाइम झालं ऐकायलोय! अर्थ तू मला शिकवायलास का? तीस वर्सं मी ह्या गावाला अर्थ सांगितला शहादेव. वीस वर्सं ह्या गाडीनं माझं घर वढलं. तिला अर्थ न्हाई? मंग मला तरी काय अर्थ हाय? सांग की, मला बी बल्ब लावून बघ!"

मांडवात कोणी खोकलं. शहादेवच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही, मग हळूहळू उमटायला लागलं. "अप्पा," तो म्हणाला, "तो अर्थ न्हाई वो. अर्थ! अर्थिंग! घराला खड्डा खांदून मीठ-कोळसा घालून करतेत बगा, तसलं. जमिनीचा अर्थ! बॅटरीची वायर खाली बॉडीला येती, ती सडलीय. तेवढंच म्हनलं होतं मी."

सुंदरराव मागून म्हणाले, "मला पहिल्यापासून तोच संशय होता."

"अर्थ नंतर सांगा," अर्जुनराव माईकवरून गंभीरपणे म्हणाले, "आधी श्रद्धांजली होऊ द्या." अप्पांना त्या दिवशी बोलायला कोणी बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशी अर्जुनराव स्वतः दुकानात आले, चहा घेतला, आणि जाता जाता दबक्या आवाजात विचारलं, "अप्पा, हॉर्न वाजवायला तुमाला कोणी सांगितलं होतं ते फक्त नाव सांगा. तुमच्यावर राग न्हाई आमचा." अप्पा म्हणाले, वायर जळाली होती. अर्जुनरावांनी मान डोलावली. राजकारणात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला वायरीवर विश्वास ठेवणं अवघड जातं.

सभा संपल्यावर गाडी ढकलत शहादेवच्या टपरीवर नेली होती. अप्पा स्टुलावर बसले. माफी मागावी की मागायला लावावी, याचा त्यांना निर्णय करता येत नव्हता. शहादेव गाडीखाली जाऊन हिरवट बुरशी धरलेली एक जाड वायर ओढून बाहेर आला. हात लावला तर तिचा भुगा झाला.

"बगा," तो म्हणाला. आज तो बोलत होता. "बॅटरीतनं करंट निघतो, दिव्यात जातो, काम करतो, आन् ह्या वायरीनं घरला परत येतो. ही वाट तुटली. मंग त्यो काय करनार? दिव्याचा करंट वायपरच्या घरातनं वाट काढायचा, वायपरचा हॉर्नच्या घरातनं. परत जायला जागा पायजे ना त्याला. गाडीत खराब कायीच नव्हतं अप्पा. नुसतं परतायचं ठिकान गेलतं."

अप्पांनी डोळे मिटले आणि नकळत उपरणं सारखं केलं. हे पोथीत सांगण्यासारखं होतं. "आरं, मंग एवढं उकलून तवाच सांगायचं होतंस," ते म्हणाले.

"सांगितलं की! तुमी ऐकलं कुठं? गाडी घेऊन निगून गेलते." मग त्यानं डब्यातला जळका फ्यूज चिमट्यानं काढून बघितला. "आन् इथं तिसाचा हिरवा कोणी घातला? पंधराची जागा हाय ही. त्यानंच वायर जळाली."

अप्पांनी रस्त्याकडे बघितलं. सोबत आलेल्या रुद्राणीनंही रस्त्याकडेच बघितलं. रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतं.

अठ्ठावीस तारखेला पिकअप धुऊन, कपाळाला विभूतीचे पट्टे लावून तयार झाली. संगमेशनं दुकान सोडलं नाही, पण रुद्राणीला सोबत पाठवलं. कागद वाचायला कोणीतरी पाहिजे. शांतादेवी देवीच्या दर्शनाचं निमित्त काढून निघाल्या. अंबाजोगाईचं ते मैदान गाड्यांनी भरलं होतं. साहेब तरुण होते, उन्हानं वैतागलेले. त्यांनी दिवे म्हटलं, दिवे लागले. उजवा म्हटलं, उजवा लागला. वायपर म्हटल्यावर वायपरच हलला. हॉर्न असा वाजला की साहेब मागं सरकले. सगळ्यांत शेवटी ब्रेक बघितला आणि कागदावर खूण केली. "आजोबा, गाडी छान ठेवलीय. पास आहे."

संगमेशला फोन लावायला अप्पांनी खिशात हात घातला.

"आता फक्त तुमचं लायसन दाखवा."

लायसन होतं. जुनी पुस्तिका होती, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेली. तिच्यातल्या फोटोत अप्पांच्या मिशा काळ्या होत्या. तिची मुदत संपून तीन वर्षं झाली होती. प्रतिज्ञापत्र केलेल्या वकिलाला नाही, संगणकाला नाही, संगमेशला नाही, आणि अप्पांना तर नाहीच. कोणालाही हे सुचलं नव्हतं. सगळे गाडीकडे बघत होते. साहेब रागावले नाहीत. "या वयात डॉक्टरांचा दाखला लागतो," ते म्हणाले. "गेटसमोरच डॉक्टर बसतात. दाखला आणा, मग नूतनीकरणाला अर्ज करा. तोवर गाडी चालवायची नाही."

डॉक्टरांनी भिंतीवरची अक्षरं वाचायला सांगितली. अप्पांनी पहिली ओळ वाचली, दुसरी अंदाजानं वाचली, आणि तिसरीला ते थांबले. डॉक्टरांनी बॅटरीचा उजेड डोळ्यांत टाकला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय, काका. ऑपरेशन करून घ्या, सहा महिन्यांनी बघू. आत्ता मी सही करू शकत नाही." मग सहज विचारलं, "रंग ओळखू येतात का नीट?"

"येतात," अप्पा म्हणाले. रुद्राणी खाली बघत उभी होती. मग अप्पा म्हणाले, "निळ्या-हिरव्याचं जरा... हिनं सांगितलं होतं मला. मी ऐकलं न्हाई."

बाहेर येऊन ते पिकअपपाशी उभे राहिले. गाडीचं 'फिटनेस' आता वर्षभराचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा गाडी त्यांच्यापेक्षा धडधाकट होती, आणि ती घरी न्यायची कशी, हा प्रश्न होता. तेव्हा रुद्राणीनं पर्समधून एक कार्ड काढलं. चारचाकीचं लायसन. मुदत अजून बारा वर्षं.

"हे कव्हा काढलंस?" शांतादेवींनी विचारलं.

"लग्नाच्या आधी. बाबांची जीप चालवायची मी." ती ओशाळली. "जमवताना मधला माणूस म्हनला, ह्ये सांगू नका, पोरगी लई पुढारल्याली वाटंल. मंग ऱ्हाऊनच गेलं."

अप्पांनी किल्ली हातात घट्ट धरली होती. वीस वर्षांत ती दुसऱ्या कोणाच्या हातात गेली नव्हती, संगमेशच्या सुद्धा. त्यांनी ती रुद्राणीच्या तळहातावर ठेवली. "क्लच जरा कडक हाय," एवढंच म्हणाले.

शांतादेवी मध्ये बसल्या, अप्पा डाव्या कडेला. स्टेअरिंग नसलं की हातांचं काय करायचं, हे त्यांना कळेना. रुद्राणी बेतानं, पण चांगली चालवत होती. ऊन मी म्हणत होतं. तिच्या बाजूची काच खाली होती आणि वाऱ्यानं तिचा पदर उडत होता. इकडे अप्पांच्या अंगावर काचेतून सरळ ऊन येत होतं. त्यांनी काच उतरवायला दारावरचा दांडा फिरवला. तो नुसता गरगरा फिरला. काच जागची हलली नाही.

"ही काच कावून उतरंना?"

"ती उतरतच न्हाई," शांतादेवी म्हणाल्या.

"कव्हापासून?"

"लई वर्सं झाली. धाकलीच्या बाळंतपणाला गेलतो बगा आपण, तव्हापासून."

धाकट्या मुलीचा मुलगा आता नववीत होता. अप्पांनी हिशेब केला नाही, तरी तो झालाच. धर्मापुरीचे बाजार, परळीची लग्नं, वैशाखातली दुपार, आणि प्रत्येक वेळी या जागेवर, या बंद काचेशी बसलेली बायको.

"मंग बोलायचं न्हाई का? मी काय परका हाय?"

"तुमच्या अंगानं वारं यायचं की जरासं," शांतादेवी म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. "आन् गाडीत बसलं की तुमी लई खुशीत आसायचे. म्हनलं, कशाला."

अप्पांच्या कपाळावरच्या विभूतीतून घाम खाली उतरत होता. शांतादेवींनी पदर पुढं केला. "सरका इकडं मदी," त्या म्हणाल्या, "मी बसती तिथं. मला सवय हाय."

"ऱ्हाऊ दे," अप्पा म्हणाले.

घाटनांदूर येईपर्यंत त्यांनी घाम पुसला नाही.